सावरखेडकरांच्या वहीतलं कोरं पान

शिल्पा फाटकातूनच सांगून गेली की रविवारी भाट येणार आहे, दहाला वाचन, काकूंना घेऊन या, जेवण आमच्याकडेच. सांगितलं, स्कूटी वळवली आणि गेलीसुद्धा. भगवंतराव हातात पाण्याची नळी धरून उभे ते उभेच. कुंडी भरली, पाणी पायऱ्यांवरून गल्लीत गेलं, समोरच्या रेड्डींच्या दारातला मुग्गू, म्हणजे रांगोळी, पुसून गेला, तरी यांना पत्ता नाही. शेवटी इंदुताईंनी आतून येऊन नळ बंद केला आणि नवऱ्याचं तोंड बघून विचारलं, आता काय केलं हिंमतरावांनी?

बायको चाळीस वर्षं संसार करून बसलेली, तिला तोंड बघून कळतं. हिंमतराव म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी, आणि नुसते शेजारी नाहीत, भावकीतले. दोघांचे आजोबा भाऊभाऊ, आबासाहेब सावरखेडकरांचे मुलगे. आबासाहेब निजामाच्या अमदानीत देगलूरकडच्या सावरखेडहून ज्वारीच्या गाड्या घेऊन हैदराबादेत आले, अफजलगंजात आडत टाकली आणि इथलेच होऊन गेले. पुढच्यांनी बरकतपुऱ्यात जागा घेतली, मधे भिंत घातली, दोन घरं झाली. थोरल्या शिवराजांचे नातू हिंमतराव, वय चौऱ्याहत्तर. धाकट्या एकनाथरावांचे नातू आपले भगवंतराव, नुकतीच सत्तरी झाली. शिल्पा ही हिंमतरावांची सून.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? भगवंतराव हिंमतरावांवर जळत. आणि ते जळणं काही कालपरवाचं नव्हतं. हिंमतरावांनी स्कूटर घेतली त्या वर्षी यांनी दोन महिने त्या घरी पाऊल टाकलं नाही. गॅस त्यांच्याकडे आधी आला. फोन त्यांच्याकडे आधी आला, वर यांचे फोन तिकडे यायचे आणि हिंमतराव भिंतीवरून हाक मारायचे, भगवंता, तुझा फोन! ती हाक ऐकली की यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीन वर्षांमागं भगवंतरावांना एक स्टेंट बसला. गल्ली भेटायला आली, मोसंब्या आल्या, जरा बरं वाटत होतं. तर पंधराव्या दिवशी हिंमतरावांचं बायपास. चार नळ्या! सगळी गल्ली मोसंब्या घेऊन तिकडे. भगवंतराव पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले होते, दुखण्यातसुद्धा हा माणूस पुढेच.

पण स्कूटर काय, फोन काय, ते सगळं गिळता येतं. न गिळता येणारी गोष्ट एकच होती, भाटाची वही.

मराठवाड्यातल्या जुन्या घराण्यांना भाट माहीत असतो. लाल फडक्यात बांधलेली लांबोडी वही घेऊन तो दहा-बारा वर्षांतून एकदा येतो, घराण्याची वंशावळ मूळपुरुषापासून म्हणून दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो, घरातल्या थोरल्याला शेला पांघरतो, शिधा आणि पागोटं घेतो आणि पुढच्या गावाला जातो. सावरखेडकरांचा भाट त्यांच्या मागं मागं हैदराबादपर्यंत यायचा. चौसष्ट साली आला तेव्हा भगवंतराव नऊ वर्षांचे. त्यांचे वडील नुकतेच सेक्रेटरिएटात लागलेले, नवे विचार, नवा चष्मा. त्यांनी भाटाला पायरीवरच सांगितलं, की आम्ही असलं काही मानत नाही, बाबा, तुम्ही जावा. पाणीसुद्धा विचारलं नाही. भाटानं वही काखेत मारली आणि शेजारच्या फाटकात शिरला. तिथे त्याचे पाय धुतले, त्याला पुरणपोळी वाढली.

तेव्हापासून भाट फक्त शेजारी येतो. वहीत एकनाथरावांचं नाव आहे, त्यांच्या मुलाचं आहे, आणि त्याच्यापुढे कोरं पान. भगवंतराव म्हणून कोणी जन्माला आलं, इलेक्ट्रिसिटी बोर्डात बत्तीस वर्षं नोकरी केली, एक मुलगा-एक मुलगी वाढवली, याची त्या वहीला खबर नाही. हिंमतराव मात्र आहेत. त्यांचे दोन मुलगे आहेत. मागच्या खेपेला, दोन हजार तेरा साली, भगवंतराव भिंतीला कान लावून वाचन ऐकत होते. नीट ऐकू येईना म्हणून बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहिले. इंदुताईंनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, पडाल.

आणि यात मेख अशी होती, की त्या वहीवर खरा हक्क कोणाचा, हे भगवंतरावांना ठाऊक होतं.

ते बारा वर्षांचे असताना संक्रांतीला हिंमतनं त्यांचा पतंग कापला. गच्चीभर पोरं हसली. भगवंता रडत खाली आला तर आजीनं त्याला कुशीत घेतलं आणि समजूत काढायला म्हणून कानात एक गोष्ट सांगितली. मुसीला मोठा पूर आला होता, अफजलगंजात माणसं चिंचेच्या झाडावर चढून बसली होती. पाणी उतरल्यावर त्यातलं एक चार-पाच वर्षांचं पोर खाली उतरवलं तर त्याला न्यायला कोणीच आलं नाही. आबासाहेबांना तोवर मूल नव्हतं. त्यांनी ते घरी आणलं, शिवराज नाव ठेवलं. तीन वर्षांनी एकनाथराव पोटी जन्मले. आजी म्हणाली, रडू नको राजा, त्यो पुरातला हाय, तू रक्ताचा. आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली.

शपथ भगवंतरावांनी पाळली. पण त्या दिवसापासून जे काही हिंमतरावांकडे आलं ते यांना आपल्यातून काढून नेल्यासारखं वाटायला लागलं. कोण कुठलं पोर, ना जातीचा पत्ता ना आईबापांचा. त्याच्या नातवाला वही, शेला, थोरलेपणाचा मान. आणि आपण अस्सल आबासाहेबांचं रक्त, तर आपलं पान कोरं! कितीदा तरी जेवता जेवता त्यांच्या मनात यायचं, एकदा बोलून टाकावं. मग आजीची शपथ आठवायची आणि ते निमूट भात कालवायचे.

या खेपेला गोष्ट वेगळी होती. भाट बारा वर्षांनी येतो. पुढच्या खेपेला भगवंतराव ब्याऐंशी. छातीत स्टेंट. म्हणजे नाव लागायचं तर या रविवारी, नाहीतर कधीच नाही. हे त्यांनी इंदुताईंना चहा पिता पिता सांगितलं तर त्यांना हसूच आलं. त्या म्हणाल्या, त्या वहीत माझं नाव नाही, तुमच्या आईचं नाही, आपल्या योगिनीचं लागायचं नाही. नुसती मिशांची यादी ती! तिच्यासाठी कशाला जीव टांगणीला लावता? पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाल्या, एवढंच वाटतंय तर भिंतीपलीकडे जाऊन हिंमतरावांना सांगा, माझंबी लिहून घ्या म्हणावं. ते नाही म्हणणार नाहीत.

ते नाही म्हणणार नाहीत, यातच तर सगळं दुखणं होतं.

म्हणून भगवंतरावांनी दुसरीच अक्कल चालवली. शनिवारी नांदेडहून येणाऱ्या गाडीला ते काचीगुडा स्टेशनवर जाऊन उभे राहिले. हिंमतरावांच्या आधी भाटाला गाठायचं, आपल्या घरी आणायचं, हा डाव. गाडी आली आणि पन्नाशीकडे झुकलेला, पाठीवर सॅक, पायात बूट घातलेला एक गृहस्थ उतरला. काखेत लाल फडकं होतं म्हणून ओळखू आला. विकास त्याचं नाव, चौसष्टच्या भाटाचा नातू. भगवंतरावांनी त्याला समोरच्या हॉटेलात नेलं, इडली-वडा घ्यायला लावला, दोन वेळा सांबार मागवलं, आणि मग हळूच विषय काढला.

विकास भाटानं सगळं ऐकून घेतलं. नाव सांगितल्यावर त्याला ओळखही पटली. म्हणाला, आजोबा सांगायचे, हैदराबादेत एका दारात पाणीबी विचारलं न्हाई. भगवंतरावांच्या घशात वडा अडकला. पण भाटाच्या मनात राग नव्हता. त्यानं रीत समजावून सांगितली. वंशाची तुटलेली पाती जोडता येते, पण भाटाच्या मर्जीनं नाही. भावकीतला, वहीत नाव असलेला माणूस लागतो, ज्यानं तुमच्या बापाला आणि तुम्हाला एका घरात वावरताना डोळ्यांनी बघितलंय. त्यानं चारचौघांत वहीवर हात ठेवून सांगायचं, हा आमचा. मग मी लिहिणार.

भगवंतरावांनी विचारलं, सावरखेडला कोणी चालेल का? भाट म्हणाला, गावाकडचे तुमच्या वडलांनाच वळखत न्हाईत, तुम्हाला कुठून वळखतील. हैदराबादेत भावकीतलं एकच नाव हाय वहीत. हिंमतराव.

घरी आणायचा डाव तिथंच संपला. रिक्षातून भाटाला हिंमतरावांच्या दारात सोडायला हेच गेले, आणि वर हिंमतराव म्हणाले, अरे वा, भगवंता, तू घेऊन आलास, बरं केलं. संध्याकाळी भगवंतराव साक्ष मागायला पुन्हा तिकडे निघाले, इंदुताईंनी अक्षरशः ढकललं म्हणून. दारात गेले. आत शिल्पा चादरी अंथरत होती, मुलं लायटिंग लावत होती, हिंमतराव मधोमध खुर्चीवर बसून कामं सांगत होते. भगवंतराव उंबऱ्यात उभे राहिले आणि तोंडातून शब्द निघाले ते असे, की आजचा पेपर आहे का तुमच्याकडे. पेपर घेऊन परत आले. घरात तोच पेपर होता.

रविवारी सगळी गल्ली लोटली. मराठी घरं नऊ, पण रेड्डी आले, त्यांच्या तळमजल्यावरचे इक्बालभाईही वंशावळ कशी गातात ते बघायला म्हणून आले. मराठी मंडळाचे सेक्रेटरी गौतम आले. गौतम टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मूळ कंधारकडचे, बौद्ध. हिंमतरावांनी त्यांना पुढे बसवलं आणि थट्टेत विचारलं, काय सेक्रेटरी, तुमची वही कुठंय? गौतम शांतपणे म्हणाले, आमच्या घराण्याची वही छप्पन्न सालापासून सुरू होते, आणि ती आम्हीच लिहितो. सगळे हसले, पण भाट हसला नाही. त्यानं मान डोलावली.

भगवंतराव भिंतीकडेला बसले. इंदुताई बायकांत. सकाळीच ठरलं होतं, वाचन संपलं की भगवंतरावांनी उठायचं, हिंमतरावांपुढे दोन शब्द बोलायचे, काम झालं. दोन शब्द! पाठसुद्धा करून ठेवले होते.

भाट आतल्या देवघरातून बाहेर आला, त्याच्यामागून हिंमतराव, मुलगे, शिल्पा. या घराची रीत होती, आधी देवघरात घरच्यांपुढे काहीतरी वाचायचं, मग बैठकीत. भाटानं फडकं सोडलं, वहीला हळदकुंकू लावलं आणि सूर धरला. बूट घालून आलेला तो माणूस गायला लागला आणि बैठक गप्प झाली. मूळपुरुष कोण, सावरखेडला कुठून आले, कोणी विहीर खणली, कोण कुठल्या लढाईत पडला. भगवंतरावांचे डोळे भरून आले. सात पिढ्यांची माणसं त्या सुरातून त्यांच्यापुढून चालली होती, आणि ती त्यांची होती, सगळी त्यांची! मग भाट आबासाहेबांपर्यंत आला. आबासाहेबांचे थोरले शिवराज, शिवराजांचे अमुक, त्यांचे हिंमतराव; हिंमतराव सावरखेडकरांचा वेल मांडवावर जावो. हिंमतरावांच्या खांद्यावर शेला पडला. टाळ्या झाल्या. इक्बालभाई म्हणाले, वा, क्या बात है.

भाटानं पान उलटलं. आबासाहेबांचे धाकटे एकनाथराव, एकनाथरावांचे चिरंजीव एक, आणि पुढे पान कोरं.

बैठकीत थोडी चुळबूळ झाली. चार माणसांनी वळून भगवंतरावांकडे बघितलं. आणि शेला पांघरलेले हिंमतराव खुर्चीवरून हसून, अगदी मायेनं म्हणाले, "अरे, कोरं कसं राहील? आमचा भगवंता आहे की. लिहून टाका त्याचं, मी आहे ना."

लिहून टाका त्याचं. फोन आलाय म्हणून हाक मारायचे तोच सूर. जे मागायला भगवंतराव उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते ते न मागताच मिळालं होतं. पण ते असं मिळालं, दोन बोटांनी उचलून दिल्यासारखं, शेला पांघरलेल्या माणसाकडून. त्यांचे पाठ केलेले दोन शब्द कुठल्या कुठे गेले. ते उठून उभे राहिले.

"माझं तुम्ही लिहिणार?" ते म्हणाले. "तुम्ही कोण? थोरले म्हणे शिवराज! मुसीच्या पुरात झाडावर सापडलेलं पोर ते. ना जात माहीत ना आईबाप. रक्ताचे आम्ही आहोत. यांचा आणि सावरखेडकरांचा काही संबंध नाही."

बोलून झालं. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं, इतक्या लवकर बोलून झालं. इंदुताईंनी कपाळाला हात लावला. शिल्पा सासऱ्यांकडे बघत होती. भगवंतराव वाट बघत होते की आता हिंमतरावांचा चेहरा पडेल, शेला खाली घसरेल, माणसं कुजबुजतील. जन्मभर त्यांनी हा क्षण मनात रंगवला होता.

हिंमतरावांचा चेहरा पडला नाही. ते भाटाला म्हणाले, "मघाशी आत वाचलंत ते पान इथंही वाचा."

भाटानं वही मागं उलटली. हे पान त्यानं गायलं नाही, नुसतं वाचलं. शके अठराशे तीस, आश्विन मास, मुसीला पूर. अफजलगंजी चिंचेवरून पोर उतरवलं, वय चार-पाच. जात ठाऊक नाही, आईबाप ठाऊक नाहीत, बोली तेलंगी. आबासाहेबांनी पोटी घेतलं, नाव शिवराज. थोरला मांडावा, असं आबासाहेबांचं सांगणं.

"तेरा वर्षांचा होतो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं," हिंमतराव म्हणाले. "दर खेपेला हे पान घरात आधी वाचायचं, ही आमच्या आजोबांची रीत. कोणाच्या डोक्यात हवा जायला नको म्हणून. तुझ्या वडलांनी भाटाला दारातून परत पाठवलं, तुमचं काय बिघडलं? तुम्ही रक्ताचेच राहिलात. आमच्याकडे रक्त नव्हतं, भगवंता. आमच्याकडे ही वहीच होती. म्हणून आम्ही भाटाचे पाय धुतले."

रेड्डी एवढंच पुटपुटले, की त्या पुरात त्यांच्या मुत्तातांचंही, म्हणजे पणजोबांचंही, सगळं गेलं होतं. भगवंतराव उभेच होते, कारण बसावं कसं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या हातात एकच हत्यार होतं आणि ते या घराच्या देवघरात दर खेपेला उघडपणे वाचलं जात होतं, साठ वर्षं, हळदकुंकू वाहून.

भाटाला मात्र त्याचं काम होतं. तो कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "लिहायचं का न्हाई ते सांगा. पर भगवंतराव, तुम्ही आत्ता चारचौघांत म्हणालात, हे भावकीतले नव्हेत. भावकीतले नसतील तर त्यांची साक्ष मला चालत न्हाई. आन् दुसरा माणूस वहीत न्हाई."

आता बैठकीतल्या शेवटच्या पोराला सुद्धा कळलं की गोष्ट कुठं येऊन अडली. हिंमतराव भावकीतले नसतील, तर भगवंतरावांचं पान कोरं ते कोरंच. पान भरायचं तर त्यांना आपल्याच तोंडानं उलट सांगायला हवं. भगवंतरावांनी बायकोकडे बघितलं. इंदुताईंनी नजर खाली घातली होती. त्या त्यांना या वेळी ढकलणार नव्हत्या.

घरी निघून जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण भाटाचं बोट त्या पानावर होतं, आणि त्या पानाच्या वर त्यांच्या वडलांचं नाव होतं, आणि बारा वर्षांनी ते ब्याऐंशी होणार होते.

"आबासाहेबांचे थोरले शिवराज," भगवंतराव म्हणाले. "शिवराजांचे नातू हे. माझे थोरले भाऊ."

भाटानं हिंमतरावांकडे बघितलं. हिंमतराव उठले, गुडघे धरून खाली बसले, वहीवर हात ठेवला आणि सांगितलं, की एकनाथरावांचा मुलगा मी बघितला, त्याचा मुलगा भगवंत माझ्यापुढे वाढला, हा आमचा. बास, एवढंच. भाटानं टोपण काढून लिहायला सुरुवात केली. लोक सैलावले, कोणीतरी पंखा वाढवला, स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. गौतम इक्बालभाईंना काहीतरी समजावून सांगायला लागले.

भगवंतराव वहीपाशी येऊन बसले. त्यांचं नाव लिहिलं जात होतं, काळ्या शाईत, एकेक अक्षर, त्यांच्या डोळ्यांदेखत. हिंमतराव शेजारीच होते, अजून उठले नव्हते. त्यांनी मान न वळवता, फक्त यांनाच ऐकू जाईल असं विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"आजीनं सांगितलं. बारा वर्षांचा होतो."

हिंमतरावांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे अठ्ठावन्न वर्षं," ते म्हणाले, "मी भिंतीवरून हाक मारायचो तेव्हा तुला रोज हेच दिसायचं होय रे?"

ते गुडघ्यावर हात देऊन उठले, शेला काढून शिल्पाच्या हातात दिला आणि आत गेले. मागं वळून त्यांनी बघितलं नाही. भगवंतराव आतल्या दाराकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाकडचं काहीही त्यांना नको होतं, फक्त तो परत बाहेर यायला हवा होता.

भाटानं मान वर केली आणि विचारलं, मुलाचं नाव सांगा.

"उदय," भगवंतराव म्हणाले.

"आन् त्याचा मुलगा?"

भगवंतरावांनी तोंड उघडलं, पण नातवाचं नाव काही केल्या त्यांना आठवेना. भाट पेन उचलून धरून थांबला होता. शेवटी मागं बायकांतून इंदुताईंनीच ते सांगितलं.